उत्तरेची खिडकी

आमच्या बेटावर पाऊस वरून पडत नाही,
उत्तरेकडून आडवा येतो,
ओळखीच्या माणसासारखा, दार न वाजवता.
जूनच्या तिसऱ्या रात्री
रोसामेल म्हणाला, "माझी उशी घामेजलीय."
मी हात फिरवला.
घाम असा गार नसतो.

चौकटीखालचं लाकूड फुगलेलं,
भिंतीवरच्या कागदाची निळी फुलं
देठापासून सुटायला लागलेली.
खाली पातेलं ठेवलं, मग दुसरं,
मग त्याचा जुना बनियन फटीत कोंबला.
पहाटे तो पिळून पुन्हा कोंबला.

"सिलिकॉन मी स्वतः भरलंय, मार्चमध्ये.
तिथून थेंब येणार नाही. छपराचं बघ."
छपराचं बघितलं.
शिडीवर सत्तरीची बाई,
शिडी धरायला तिच्याहून म्हातारा नवरा,
आणि मान्सियांची कुत्री दोघांवर मिळून भुंकतेय.
माळा कोरडा ठणठणीत.
मग भिंतीच्या लाकडी चकत्या एकेक ठोकून पाहिल्या.
दुखणं रेड्याला,
आणि आठवडाभर आम्ही पखालीला डाग देत फिरलो.

मार्चमध्ये त्याचे हात थरथरू लागले होते.
चाळीस वर्षं फेरीबोटीचं सुकाणू धरलेले हात,
आता चमचा तोंडाशी जाईपर्यंत
अर्धं सूप बशीत.
त्या दिवशी मात्र, का कोण जाणे,
त्यानं खिडकीभोवती नळी अशी फिरवली
की मला लग्नाआधीची त्याची पत्रं आठवली,
रेघा न आखता सरळ लिहिलेली.
वरून साबणाचा अंगठा फिरवला,
मागे सरून बघत राहिला.
मीही.

कार्कामोच्या हार्डवेअरमध्ये मुलगी बसते, यानेत,
बापापेक्षा हुशार.
म्हणाली, "बाहेरून खालच्या पट्टीला
दोन बारीक भोकं असतात. उघडी आहेत ना?"
"कसली भोकं?"
"खिडकीत थोडं पाणी शिरतंच, सेन्योरा.
त्याला परत जायला वाट लागते.
कुणी चांगल्या मनानं बुजवली,
की ते साठतं, आणि मग आत येतं."
सल्ल्याचे पैसे तिनं घेतले नाहीत.
मी उगाच पावशेर खिळे विकत घेतले.

दुपारी तो चुलीपाशी तोंड उघडं टाकून झोपला,
तेव्हा बटाट्याची सुरी घेऊन मी बाहेर गेले.
डावं भोक सापडलं.
पांढरा बोळा, आणि त्यावर
त्याच्या अंगठ्याच्या रेषा, स्वच्छ,
टपालखात्यात लावतात तशा.
तिथे जरा थांबले.
पाऊस मानेवरून पाठीत उतरत होता,
थांबायची ती जागा नव्हे.

सुरीचं टोक घातलं, फिरवलं.
आधी तांबूस, मग नितळ,
मनगटावरून कोपरापर्यंत
किती दिवसांचं कोंडलेलं पाणी
माझ्या बाहीत निघून आलं.
मग उजवं भोक. तिथे अंगठा नव्हता,
चटकन झालं.

रात्री उत्तरेनं पुन्हा घर हलवलं.
मी चौकटीवर हात ठेवून पडून राहिले,
तापात पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
कधी डोळा लागला कळलं नाही.

सकाळी त्यानं उशी चाचपली.
"बघितलंस? सिलिकॉनला मुरायला वेळ लागतो.
तुला धीर नाही."
"नाही," मी म्हटलं, "मला कधीच नव्हता."

बटाटे अजून तोच सोलतो, हट्टानं,
एकाला पाच मिनिटं.
आज सुरी हातात घेतली,
आणि टोकाला चिकटलेला
पांढरा तुकडा उजेडात धरून पाहिला,
बराच वेळ.
मग सुरी पँटला पुसली
आणि पुढचा बटाटा उचलला.